शेजारच्या जागेचं माप

लिलावाच्या सभागृहात शिंपीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, अर्ध्या उठलेल्याच. समोरच्या फळ्यावर त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेचा क्रमांक खडूने लिहिला होता, आणि त्यापुढे ‘बारा वाजता, खुला’. तो शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला.

आता ही जागा म्हणजे काही राजवाड्याची बाग नव्हे. कर थकला म्हणून पालिकेने ताब्यात घेतलेला तुकडा. त्यात गवत, एक फुटकी बादली आणि भरपूर ऊन. पण बाईंच्या घराला पुढून सात पायऱ्या, आणि मागच्या दाराशी ही सपाट जमीन. नवऱ्याचे पाय गेल्यापासून त्याची चाकांची खुर्ची बाहेर पडायची ती याच दाराने. उद्या कुणी जागा घेऊन कुंपण घातलं, की तो भला माणूस चार भिंतींत अडकला.

पूर्वी अशा जागा दलाल घ्यायचे, जागेचं तोंडसुद्धा न बघता. कुलूप ठोकायचे आणि भाव चढेपर्यंत उंदरांना नांदू द्यायचे. यंदा पालिकेला देवाने सुबुद्धी दिली. ज्याची भिंत जागेला लागून, त्याला पहिला मान, तोही ठरल्या किमतीला. दोन शेजारी असतील तर निम्मं निम्मं. फक्त दोघांच्या अर्जांत माप एकच हवं. मापात फरक म्हणजे तंटा, आणि तंट्याची जागा खुल्या लिलावात.

बाईंच्या अर्जात रुंदी एक्केचाळीस फूट. जागेच्या पलीकडच्या शेजाऱ्याच्या, कुलूप-किल्ल्या बनवणाऱ्या कुलूपवाल्याच्या अर्जात चाळीस.

“दोघांनी एका कागदावर सह्या करा हो, बाराच्या आत,” पालिकेचे कारकून कळवळून म्हणाले. “मला तरी कुठे हौस आहे यांना द्यायची?” आणि त्यांनी मागच्या रांगेतल्या तीन दलालांकडे भुवई उडवली.

कुलूपवाला चार खुर्च्या सोडून हाताची घडी घालून बसला होता. सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

“तीस वर्षं टेप गळ्यात, आणि फूटभर जास्त?” तो कारकुनांना म्हणाला, पण बाईंना ऐकू जाईल असा. “माझी भिंत हवीय त्यांना, दुसरं काय!”

बाईंच्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. ते गिळून त्यांनी डोळे मिटले आणि जागा मनातल्या मनात पुन्हा मोजली. पाच फुटांची टेप, गवतात वाकून आठ वेळा टाकलेली. टेप संपली की बोटाने खूण, आणि... अरे देवा. दर खेपेला सवयीने मापात दोन बोटं वाढवून धरली होती! कापडाला तेवढं सोडावंच लागतं, शिवणीत जातं. हाताने आपला धर्म पाळला होता. आठ वेळा दीड दीड इंच. बरोब्बर एक फूट.

आजवर कितीतरी गिऱ्हाइकं भांडून गेली, पण ‘माझं चुकलं’ हे शब्द त्यांच्या दुकानातून कधी बाहेर पडले नव्हते. माणूस देवापुढे रोज वाकतो. शेजाऱ्यापुढे वाकायचं म्हटलं की मात्र कंबर धरते. बाई उठल्या.

“भाऊ, माझं चुकलं. मी जमिनीलासुद्धा शिवण धरली.”

त्यांनी सगळं सांगितलं तशी मागच्या रांगेत खसखस पिकली. कुलूपवाल्याने पहिल्यांदा मान वळवली.

“असं का? मग मुलीच्या लग्नातली माझी पँट? चार बोटं आखूड! सगळे पाहुणे नवरीला सोडून माझे मोजे बघत होते. तेही चुकलंच म्हणा. लगेच करतो सही.”

बाराला पाच मिनिटं होती. नुसतं ‘हो’ म्हटलं की काम फत्ते. घरी नवरा केस विंचरून मागच्या दाराशी येऊन बसला असेल.

“नाही,” बाई म्हणाल्या. “पँटचं माप बरोबर होतं. तुम्ही ती गरम पाण्यात धुतलीत. मी नको म्हणाले होते.”

कारकुनांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, म्हणा की हो!”

कुलूपवाला बघतच राहिला. किल्ली आत कुठे अडतेय ते कान लावून ऐकावं, तसा.

“सही मिळत होती, तरी खोटं नाही बोललात,” तो सावकाश म्हणाला. “म्हणजे फुटाचंही खरंच असणार. आणा तो कागद.” सही करता करता तो पुटपुटला, “गरम पाणी आमच्या हिने घातलं असेल. पण घरी विचारायची आपली छाती नाही, वहिनी.”

दलालांनी घड्याळ बघितलं आणि ते पुढच्या जागेचा क्रमांक शोधायला लागले.

दुपारी बाईंनी मागचं दार सताड उघडलं आणि खुर्ची उन्हात ढकलली. मधोमध आल्यावर त्या थांबल्या.

“का थांबलीस?” नवऱ्याने विचारलं.

“आपली हद्द इथवरच. पुढचं त्यांचं.”

पलीकडच्या खिडकीतून कुलूपवाल्याचा आवाज आला, “न्या हो पुढे! तिथं सावली आहे.”