कालचे ढग

हवामान कचेरीच्या फाटकाशी काचेची एक पेटी होती. तिच्यात रोज दुपारी ढगांचं ताजं चित्र लावणं हे त्याचं काम. पूर्वी उपग्रहाकडून चित्राच्या पट्ट्या यायच्या आणि तो त्या कडेला कडा जुळवून सांधायचा. मग सगळ्या मुलखावरचं आभाळ एका कागदावर उतरायचं. आता यंत्रच सांधत असे. त्याच्याकडे उरल्या होत्या चार टाचण्या आणि पेटीची किल्ली.

घरी थोरली बहीण खिडकीपाशी वाट पाहत असायची. तिची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"हं, सांग. काय चाललंय वर?"

मग तो सांगायचा. समुद्रावर कापूस पिंजून पसरलाय. डोंगरांपाशी ढग अडलेत, रेल्वेचं फाटक पडल्यावर गाड्या तुंबाव्यात तसे. उत्तरेला एक भोवरा आहे, पण आळशी. ऐकता ऐकता ती मान मागे टाकायची आणि तिचा चेहरा असा सैल व्हायचा, जणू कुणी तिला खुर्चीसकट अलगद वर उचलतंय. दिवसभरात ती घराबाहेर पडायची ती एवढीच.

मग नवा उपग्रह आला आणि त्याच्या पाठोपाठ परवाना आला. ताजं चित्र परवानाधारकांना; बाकीच्यांना एक दिवस उलटल्यावर. तोवर ते दाखवायचं नाही, त्याची नक्कल करायची नाही, त्यात काय आहे ते बाहेर सांगायचंही नाही.

तो कचेरीच्या प्रमुख मॅडमच्या टेबलापाशी बराच वेळ घुटमळला. "मॅडम, घरी बहिणीला नुसतं तोंडी सांगितलं तर?"

"त्यांना दिसत नाही, म्हणजे दाखवणं होत नाही," मॅडम विचारात पडल्या. "पण सांगणं होतंच की हो. वरती विचारते."

"वरती म्हणजे?"

"उपग्रहाच्याही वरती," त्या हसल्या. वरून उत्तर काही आलं नाही.

रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा व्हायची वाट पाहणारा माणूस तो. नियमाप्रमाणे त्याने पेटीत कालचं चित्र लावलं आणि घरीही कालचंच सांगितलं. ते कालचं आहे, एवढं मात्र जिभेवर येईना. ताई, तुझं आभाळही आता शिळं झालं, हे तिला सांगायचं कुठल्या तोंडाने?

फाटकाशी रोज येणारा रंगारी वैतागला. "भाऊ, काल काय झालं ते मी काल पाहिलंय. आज भिंतीला हात लावू की नको, ते सांगा."

"परवाना नाही."

"ढगांना?"

"मला."

एका दुपारी तो बहिणीला सांगत होता, "आज सगळीकडे लख्ख आहे. औषधालाही ढग नाही." तिने खिडकीबाहेर हात धरला, आत घेतला आणि त्याच्यापुढे केला. मनगटावर थेंब होते.

"मग हे काय? आभाळाचा नळ गळतोय?"

त्याने रुमालाने तिचं मनगट पुसलं.

"कधीपासून शिळं वाढतोयस?"

त्याने सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी रोज जात होते रे तिथे. कालच्या आभाळात, एकटीच."

थोड्या वेळाने तिने काठी चाचपली. "चल गच्चीवर."

"अगं, पाऊस आहे."

"भुरभुर आहे. विरघळणार नाहीस. खालून बघायला परवाना लागत नाही ना?"

गच्चीवर त्याने मान वर केली आणि तो बावचळला. उभा जन्म ढगांच्या पाठी पाहण्यात गेला. त्यांची पोटं कधी नीट पाहिलीच नव्हती.

"राखाडी आहे," तो म्हणाला.

"राखाडी तर उंदीरही असतो. कडा सांग. फाटलेली की दुमडलेली?"

ती विचारत गेली आणि हळूहळू त्याला दिसत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा वर गेली. या वेळी त्याने पेन्सिलीने ढग कागदावर उतरवले आणि खाली लिहिलं : आमच्या गच्चीवरून, आजचं. कुणीही पाहावं, कुणीही न्यावं.

कचेरीत जाऊन त्याने तो कागद पेटीत कालच्या चित्राशेजारी टाचला. मॅडमनी दोनदा वाचलं. "यात उपग्रहाचं काही नाही ना?"

"नाही. पेन्सिलसुद्धा घरचीच आहे."

त्या आत गेल्या. संध्याकाळी रंगाऱ्याने तो कागद मागून नेला. दुसऱ्या दिवशी पेटीच्या फटीत रंगाच्या नमुन्याचं एक कार्ड खोचलेलं होतं. पाठीमागे गावाच्या दुसऱ्या टोकाचं, उंच परांचीवरून दिसलेलं आभाळ. मग एका बसचालकाचं आलं. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून एका नर्सबाईंचं आलं.

ते सगळे कागद त्याने घरी टेबलावर मांडले. बोटांना जुनं काम आठवलं. कडेला कडा लागली. रंगाऱ्याच्या ढगाचं शेपूट नर्सबाईंच्या ढगाला अचूक जाऊन चिकटलं. बहिणीचं बोट धरून त्याने त्या सांध्यावरून फिरवलं आणि तो सांगू लागला. तिची मान हळूहळू मागे गेली.

"मधे काही राहिलंय का रे?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"भोक आहे. तिथून अजून कुणी पाठवलं नाही."

"राहू दे तसंच," ती वरून कुठून तरी म्हणाली. "तिथून ऊन येतंय."