हात उशिरा जातो

थोरलीने धाकटीला हा खेळ शिकवला तो स्वतःच्या सोयीसाठी. एकटीने खेळून तिला कंटाळा आला होता आणि घरात तिसरं माणूस म्हणजे बाबा. त्यांच्या लेखी संगणक ही विजेचं बिल वाढवणारी पेटी. खेळ दिसायला साधा. गाणं सुरू होतं, पडद्यावर चार रांगांतून पट्ट्या खाली घसरत येतात, आणि पट्टी तळाच्या रेषेला टेकली की त्याच क्षणी त्या रांगेचं बटण दाबायचं. ठेका चुकला की गुण गेले. ज्याला हा पोरखेळ वाटतो त्याने एकदा मधल्या पातळीचं गाणं लावून बसावं. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याची बोटं एकमेकांत अडकलेली असतात.

थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. जरा जास्त घासली की काच वाया, म्हणून घाई हा प्रकार तिच्या स्वभावातच उरला नव्हता. शिकवणीही तशीच. "आधी गाणं पाऊण वेगाने लाव," ती सांगायची. "वेग आपोआप येतो, अचूकपणा येत नाही. बोटं उचलू नकोस, बटणावर टेकलेली राहू देत. मनगट सैल. आणि प्रत्येक पट्टीमागे डोळे पळवू नकोस गं, रेषेच्या जरा वर एकाच जागी बघत राहा."

धाकटी ऐकायची. ती पहिल्यापासूनच ताईचं ऐकणारी. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तिच्या वेण्या, तिचे डबे, तिचा ताप, सगळं थोरलीने निभावलं होतं. आता धाकटी तपासणी केंद्रात रक्त घ्यायचं काम करायची आणि तिथेही तिचं नाव होतं. सुईला घाबरणारी माणसं दारातूनच विचारायची, "त्या हलक्या हाताच्या ताई आहेत का आज?"

त्या हलक्या हाताने वर्षभरात थोरलीला गाठलं. सगळ्यात अवघड गाण्यावर थोरलीचे सत्त्याण्णव टक्के होते. ते कुणी मोडेल असं तिला वाटलं नव्हतं, निदान घरातल्या घरात तरी. एका रविवारी दुपारी धाकटीने अठ्ठ्याण्णव केले. खुर्चीवरून उडी मारून तिने ताईला मिठी मारली. "तुझ्यामुळे, ताई! सगळं तुझ्यामुळे!"

थोरली हसली, तिची पाठ थोपटली आणि चहा ठेवायला उठली. स्वयंपाकघरात ती बराच वेळ रिकाम्या पातेल्याकडे बघत उभी होती. तिला हेवा वाटत होता. दुसरा कुठला बरा शब्द सापडतो का ते तिने शोधून पाहिलं, सापडला नाही. जिच्या नाकाचा शेंबूड पुसला, तिचाच हेवा.

दुसऱ्या दिवशी तिने ते केलं. खेळात एक सेटिंग असतं. आवाज आणि चित्र यांचा मेळ जुळवायला ते थोडं पुढेमागे सरकवता येतं. प्रत्येकीच्या खात्याला ते वेगळं. धाकटीचं खातं थोरलीनेच उघडून दिलं होतं, आणि धाकटी सेटिंगच्या वाटेला कधी जात नसे, ते काम ताईचं. तिथल्या शून्याचे थोरलीने पंचवीस केले. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पंचवीस. डोळ्याला दिसत नाही, कानाला कळत नाही, फक्त गुण जातात. एक दिवस गंमत, मग परत ठीक करू, असं तिने मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगावं.

त्या संध्याकाळी धाकटी नव्वदवर आली. पडद्याच्या तळाशी प्रत्येक ठोक्याची खूण उमटते. घाई झाली तर मध्याच्या डावीकडे, उशीर झाला तर उजवीकडे. तिच्या सगळ्या खुणा उजवीकडे.

"ताई, माझा हात उशिरा जातोय," ती म्हणाली. "सेटिंग तर बिघडलं नाही ना?"

"मी पाहिलं. ठीक आहे," थोरली म्हणाली. "तू बोटं उचलतेस परत."

एवढं एक वाक्य बोलून गेल्यावर तो एक दिवसाचा विषय राहिलाच नाही. आता सेटिंग ठीक करायचं म्हणजे गुण एकदम का चढले ते सांगावं लागणार. थोरलीने पंचवीस तसेच राहू दिले. वर धाकटी रोज शेजारी येऊन विचारायची, "बघ ना, काय चुकतंय?" आणि थोरलीला नसलेल्या चुकीवर उपाय सांगावे लागायचे. दोन बोटं आलटूनपालटून वापर. बटण दाबण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे. गाणं अर्ध्या वेगावर आण. धाकटी निमूटपणे सगळं करायची. खरं तर तिचं तंत्र त्या दिवसांत थोरलीपेक्षाही देखणं झालं. बोटं हलतात की नाही असं वाटावं इतकी खाली, मनगट लोण्यासारखं. हळूहळू तिचे हात आपसूक थोडे आधी जायला शिकले आणि गुण पुन्हा चढू लागले. सत्त्याण्णवपर्यंत आले. थोरलीला सुटल्यासारखं वाटलं. आपोआप मिटलं की!

मिटलं नव्हतं. चार महिने उलटले होते, आणि एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली ती चपला न काढताच दारात बसली.

"आज एका बाळाचं रक्त घ्यायचं होतं," ती म्हणाली. "मी नाही घेतलं. दुसरीला बोलावलं."

"का गं?"

"बाळाचा हात केवढासा असतो ताई, शीर मिळते ती क्षणभर. माझा हात उशिरा जातो. खेळात सांभाळून घेते मी, अंदाजाने आधी दाबते. सुई कशी आधी घालणार?"

आपण खेळातल्या गुणांना हात घातला असं थोरली समजत होती, आणि पोरीच्या पोटापाण्याच्या कामाला हात घालून बसली होती. सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच, "दमली असशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आंघोळीला गेली तेवढ्यात थोरलीने संगणक लावला आणि पंचवीसचं शून्य केलं. आता पोरीला जुना हात परत मिळेल, तिची भीती जाईल, आणि कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही, असा सगळा सोयीचा हिशेब. त्या हिशेबात एक गोष्ट तिने धरलीच नव्हती, ती म्हणजे धाकटीचे हात. चार महिन्यांत ते पंचवीसला सरावले होते.

संध्याकाळी धाकटीच्या सगळ्या खुणा डावीकडे पडल्या. पंच्याऐंशी टक्के. तिने पुन्हा वाजवलं. चौऱ्याऐंशी. मग ती सेटिंगमध्ये गेली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तिथे शून्य बघून परत आली.

"आधी उशीर, आता घाई," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या हातांना काही कळेनासंच झालंय."

दारात बाबा उभे होते. त्यांची नजर धाकटीच्या बोटांवर होती आणि ती नजर दोघींच्या ओळखीची होती. आई एका कार्यालयात टंकलेखिका होती. तिचंही असंच सुरू झालं होतं. अक्षरं मागेपुढे पडायला लागली, साहेब ओरडायला लागला, मग कप हातातून सुटायला लागले, आणि शेवटी तिला जेवण भरवावं लागायचं. बाबा तेव्हाही असेच बघायचे.

"मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवून येऊ," बाबा हळूच म्हणाले. "लवकर गेलेलं बरं असतं."

पुढचे चार दिवस धाकटीने खेळाला हात लावला नाही. जेवताना ती पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायची. बोलायचं तर कुठून सुरुवात करायची हेच थोरलीला कळेना, आणि रोज न बोलता काढलेला दिवस तिच्या पापात आणखी भर घालून जायचा.

दवाखान्यात बाकावर दोघी शेजारी बसल्या. धाकटीने ताईचा हात घट्ट धरला होता. "आईसारखं निघालं तर मला घरीच ठेवशील ना?" तिने विचारलं. "कुठे पाठवू नकोस."

तिथे मात्र थोरलीचा बांध फुटला. "तुला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी केलंय हे. तू माझ्या पुढे गेलीस ते मला बघवलं नाही. तुझं सेटिंग मी पंचवीसने सरकवलं होतं. म्हणून तुझा हात उशिरा दिसत होता. मग गेल्या आठवड्यात मी ते परत शून्य केलं. तोवर तू त्याला सरावली होतीस, म्हणून आता घाई दिसते. ऊठ, घरी चल. तपासणीची काही गरज नाही."

धाकटीचे डोळे भरून आले आणि ती चक्क हसली.

"किती गं करशील माझ्यासाठी?"

"अगं, खरं सांगतेय!"

"सेटिंग मी पाहिलंय ताई. शून्य आहे."

"मीच केलं ना ते शून्य!"

"पुरे. मला धीर यावा म्हणून स्वतःला कशाला बोल लावून घेतेस? लहानपणी इंजेक्शनच्या वेळी पण अशीच थापा मारायचीस."

आतून हाक आली. धाकटी उठून गेली आणि दार बंद झालं. बोटांना तारा लावून बारीक झटके देतात, मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं बाकावरची एक बाई सांगत होती. आतून धाकटीचा "आई गं" ऐकू आला. थोडं थांबून पुन्हा आला. थोरलीने पदराचा बोळा तोंडात धरला. आपल्या हाताने आपण त्या पोरीला तिथे बसवलं आहे आणि ती तिथेही आपल्याला देवमाणूस समजून बसली आहे, हे तिला सहन होईना.

डॉक्टर म्हणाले, हात उत्तम आहेत, इतके चांगले हात रोज येत नाहीत, काळजीने झोप उडाली असेल तर झोप काढा. धाकटी रस्ताभर बडबडत आली. घरात शिरताच तिने बाबांना सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "आणि तुमची ही मुलगी! मला भीती वाटू नये म्हणून म्हणे, मीच तुझं सेटिंग बिघडवलं! इतकं रचून सांगितलं ना बाबा, क्षणभर मलाही खरं वाटलं."

बाबांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात असं काही न करणारा माणूस. "आईच्या मागे तूच हिची आई झालीस," ते म्हणाले.

असंच राहू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? धाकटीची भीती गेली होती. आठवडाभरात तिचे हात शून्यालाही सरावले असते. थोरलीने हे सगळं मनात घोळवून पाहिलं, आणि डोक्यावरचा तो हात तिला चटका बसल्यासारखा वाटला. एवढी माया फुकटात खिशात घालून ती उद्या धाकटीशेजारी कशी बसणार होती?

"इकडे ये," ती म्हणाली. "बस."

"आत्ता?"

थोरलीने संगणक लावला, धाकटीचं खातं उघडलं आणि तिच्या डोळ्यांसमोर सेटिंग शून्यावरून पंचवीसवर नेलं. "ते अवघड गाणं वाजव."

"ताई, तू म्हणजे ना..." धाकटी हसत बसली. तिने बोटं बटणांवर टेकवली. गाणं सुरू झालं. पहिल्या काही खुणा मध्यावर पडल्या. पुढच्याही. धाकटीचं हसू कमी होत गेलं, पण हात थांबले नाहीत. तिचे ते सुंदर, शिकवलेले हात आपलं काम करत राहिले, आणि एकेक खूण मधोमध येऊन पडत राहिली. गाणं संपलं. अठ्ठ्याण्णव टक्के.

मागून बाबांनी टाळ्या वाजवल्या. "बघ! डॉक्टर काय म्हणाले? हात उत्तम आहेत!"

धाकटी पडद्याकडेच बघत होती. "त्या बाळाच्या दिवशी," तिने विचारलं, "मी दारात बसले होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं," थोरली म्हणाली.

आता ती रडेल, ओरडेल, हाताला येईल ते फेकेल, अशी थोरलीने तयारी ठेवली होती. धाकटीने खुर्ची मागे घेतली आणि उठली. ताईकडे न बघता ती म्हणाली, "बाबांना तू सांग. मला जमणार नाही."

ती आत निघून गेली. बाबांचे हात अजून टाळीसाठी जुळलेलेच होते. "काय सांगायचंय गं?" त्यांनी हसतच विचारलं.