नवी बॅटरी बसेपर्यंत

काम्पाम्बा जमातीने बेम्बा, मी, जेरे, न्गोनी. आमच्या झांबियात या दोन जमाती म्हणजे एकमेकांचे थट्टेचे भाऊ. त्याने मला उंदीरखाऊ म्हणायचं, मी त्याला माकडखाऊ, आणि रागवायचं कुणीच नाही. एकमेकांच्या मरणाचीसुद्धा चेष्टा करायची, तीही तोंड भरून.

त्या सकाळी तांब्याच्या खाणीत, बोगद्याच्या टोकाला, विषारी वायू मोजणाऱ्या यंत्राची राखीव बॅटरी बदलायची होती. दुरुस्तीसाठी लाइट बंद होती, त्यामुळे यंत्र त्या बॅटरीवरच चालू होतं. काम्पाम्बा वर नियंत्रण खोलीत पडद्यावरचा आकडा बघत होता. मी शिडीवर, खांद्याला वॉकीटॉकी.

"शून्य आहे, उंदीरखाऊ. काढ आता."

जुनी काढली. आता यंत्र बंद. नवीचा प्लग काही केल्या बसेना. खटपट करता करता डोकं ठणकायला लागलं, पाय लटपटायला लागले. वास कसलाच नव्हता. पलीकडे पहाटे सुरुंग उडवले होते. हा त्याचाच वायू, हे लक्षात आलं आणि मी हादरलोच. शिडी उतरण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

"काम्पाम्बा, वायू आहे! मरतोय मी!"

"मर की! मयताला येतो मी. जेवायला काय ठेवणार आहेस?"

"देवाशपथ, खरंच!"

"मागच्या आठवड्यातही खरंच मेला होतास, लेका! शवपेटी परत करावी लागली आम्हाला." अख्खी खोली खदखदून हसली.

माझा कानांवर विश्वास बसेना. मी मरतोय आणि हे हसताहेत! पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलोच असतो. माझ्या शब्दाला तिथे काडीची किंमत नव्हती. किंमत होती ती आकड्याला.

बोटं बधिर झाली होती. प्लग तळहाताने ठोकला, मग कपाळाने. खट्कन बसला.

हसणं एकदम थांबलं. "नऊशे," कुणीतरी म्हणालं. मग भोंगा वाजला आणि मी शिडीवरून कोसळलो.

शुद्धीवर आलो ते दवाखान्यात. शेजारी काम्पाम्बा, रडून डोळे सुजलेले. आता हा काहीतरी खवचट बोलणार म्हणून मी वाट बघत होतो. तो खाटेपाशी उकिडवा बसला आणि थोरामोठ्यांपुढे वाजवतात तशा हळू टाळ्या वाजवू लागला.

"जेरेसाहेब, मला माफ करा तुम्ही."

शिडीवर घाबरलो नव्हतो इतका मी तेव्हा घाबरलो.

"ए माकडखाऊ," मी कसाबसा म्हणालो, "शिवी दे मला. आत्ताच्या आत्ता दे."

त्याने मान वर केली नाही. "नाही, साहेब," म्हणाला.