सहा गुणांचं पार्क

मेलबर्नच्या मराठी मंडळात माझी ओळख काय, तर कॅम्पिंगवाली विनिता. कुणी छान गातं, कुणी उकडीचे मोदक करतं, माझ्याकडे यादी आहे. गेल्या चौदा वर्षांत व्हिक्टोरियातल्या एकतीस पार्कांमध्ये आम्ही तंबू ठोकले आणि प्रत्येकाला मी दहापैकी गुण दिले. आधी संडास. मग पाणी, मग सावली, मग शेजारी. निसर्गबिसर्ग सगळ्यात शेवटी, कारण निसर्ग सगळीकडेच असतो, धड संडास नसतो. ईस्टर जवळ आला की मेसेज सुरू व्हायचे: विनिता, कॅथीड्रल रेंज की लेर्डरडर्ग? पोरं लहान आहेत, कुठे जाऊ? मी सांगणार आणि लोक ऐकणार. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू?

ती यादी आता मी कुणाला देत नाही. का देत नाही ते सांगते, फक्त मध्ये बोलू नका.

२०२३चा फेब्रुवारी. कोविडनंतर बॉर्डर उघडून वर्ष झालं होतं आणि विद्यार्थ्यांचा नुसता लोंढा आला होता. भाड्याची एकेक खोली बघायला पन्नास-पन्नास पोरं रांगेत. ग्लेन वेव्हर्लीच्या हॉलमध्ये मंडळाचं हळदीकुंकू होतं, तिथे भावना मला पहिल्यांदा भेटली. अकोल्याची, चोवीस वर्षांची, बारीक चणीची. मास्टर्स करत होती आणि सकाळी एका वृद्धाश्रमात शिफ्टला जायची. "मी जेवायला आलेय ताई, खरं सांगते," म्हणाली आणि हसली. मला आवडली पोरगी. मी आडनाव विचारलं, तिने सांगितलं, मी "अच्छा" म्हटलं.

दुसऱ्यांदा मसालेभात घेताना तिने विचारलं, "ताई, तुमच्या ओळखीत कुठे खोली आहे का? आम्ही सात जणी दोन खोल्यांत राहतो, आणि मालक आता घर विकतोय."

खोली माझ्याच घरात होती. मागची. खिडकी, हीटर, कपाट, सगळं असलेली. फक्त तिच्यात आमचं कॅम्पिंगचं सामान होतं. चार तंबू, आठ खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, फुगवायच्या गाद्या, शेगड्या. "अगं, आमची एक खोली आहे, पण सामानाने गच्च भरलीय," मी म्हटलं. "शिवाय जूनमध्ये सासूबाई यायच्यात."

"नो वरीज, ताई."

त्या "अच्छा"चा आणि खोलीचा काही संबंध नव्हता, असं घरी येताना गाडीत मी यतीनला दोनदा सांगितलं. यतीन म्हणजे माझा नवरा. त्याने काही विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "ताई, तुमची ती कॅम्पिंगची यादी मिळेल का?"

झालं! माझी कळी खुलली. चाळीस मिनिटं बोलत होते मी. आणि काय बारकाईने विचारत होती हो! फुकट कुठली आहेत? एका जागी किती दिवस राहू देतात? मोबाइलला रेंज कुठे येते? आठवड्याच्या मधल्या दिवसांत आजूबाजूला एखादं कुटुंब तरी असतं का? आंघोळीचं काय? मी म्हटलं, गावातल्या स्विमिंग पूलला जायचं, तिकीट काढलं की गरम पाण्याचा शॉवर मिळतो. मग मी विचारलं, "एकटी जाणारेस की काय? भलतीच डेअरिंगबाज आहेस!"

"मैत्रिणी आहेत ना, ताई."

"मजा आहे बाई तुमची. आमच्या वेळी विद्यार्थ्यांना एवढी चैन नव्हती," असंही मी बोलले. आज आठवलं की वाटतं, जीभ हासडून ठेवावी.

तंबू नाही म्हणाली, म्हणून शनिवारी घरी बोलावलं. मागच्या खोलीतून जुना हिरवा तंबू ओढून काढला आणि दारातच तिच्या हातात दिला. "घेऊन जा, परत नको आणूस. तेवढीच माझी अडगळ कमी." तिने माझ्या खांद्यावरून आत खोलीकडे पाहिलं. मग तंबू उचलून आपल्या खटारा गाडीत ठेवला. मी चहासुद्धा विचारला नाही. उर्वीला, माझ्या लेकीला, ट्यूशनला सोडायचं होतं.

ईस्टरला सगळी चांगली पार्कं भरली होती, म्हणून आम्ही बनिपच्या बाजूच्या एका छोट्या फुकट कॅम्पग्राउंडवर गेलो. माझ्या यादीत त्याला सहा गुण. खड्ड्याचा संडास, नळ नाही, रस्ता खडबडीत. बरोबर चित्रा आणि तिचा नवरा संजीव होते. चित्रा म्हणजे मंडळाचं वार्तापत्र, तिला कळलं की जगाला कळलं.

ओढ्याच्या पलीकडे, एका झाडाखाली माझा हिरवा तंबू उभा होता. दोरीवर निळे युनिफॉर्म वाळत होते. भावना खाली बसून स्टीलच्या पातेल्यात तांदूळ धूत होती.

"अय्या, तू इथे? मैत्रिणी कुठेत?"

"पुढे फिरायला गेल्यात, ताई."

"बघ उर्वी, शीक काहीतरी," चित्रा म्हणाली. "नाहीतर तू, सोफ्यावरून हलत नाहीस." उर्वीने "हाय" केलं आणि फोनमध्ये डोकं घातलं. दोघी पाणी आणायला परत गाडीकडे गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. तंबूचं दार उघडं होतं. आत विमानात टाकतो तसली मोठी बॅग होती. कुकर होता. पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये बांधून रचून ठेवलेली होती, इस्त्रीचा शर्ट हँगरला होता. तीन दिवसांच्या कॅम्पिंगला कोण एवढी बॅग आणतं? चौदा वर्षं तंबू बांधतेय मी, मला कळायला वेळ लागला नाही.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

ती तांदूळ धूतच राहिली. "मार्चपासून. पण एका जागी नाही हं, ताई. तुमच्या यादीप्रमाणे फिरते. दोन आठवडे झाले की पुढचं." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाली, "खूप कामाला आली यादी. फक्त एक सांगू? याला तुम्ही सहा दिलेत. मी दहा दिले असते."

"याला? दहा?"

"इथून आईला फोन लागतो. त्या वरच्या दगडावर उभं राहिलं की व्हिडिओसुद्धा दिसतो. कॅथीड्रलला तुम्ही नऊ दिलेत, पण तिथे आठ दिवस आईशी बोलणंच नाही झालं. ती घाबरून गेली होती." तिने पातेलं बाजूला ठेवलं. "आणि इथे शनिवार-रविवारी पोरंबाळं येतात. त्यांचा आवाज असला की झोप लागते."

मी संडास मोजत होते इतकी वर्षं.

"ताई, कुणाला सांगू नका हं."

"चल घरी." दोन शब्द होते. तोंडापर्यंत आले होते, देवाशपथ आले होते. तेवढ्यात चित्राची हाक आली, "विनिता, भज्यांचं पीठ कुठेय गं?" आणि मला लाज वाटली. भावनाची नाही, माझी. आत्ता हिला घेऊन निघाले तर चित्रा विचारणार, का? मग अख्ख्या मंडळाला कळणार की खोली असताना विनिताने पोरीला तंबू दिला. मी म्हटलं, "घरी गेल्यावर बघते काहीतरी."

"हो ताई. नो वरीज."

उर्वीच्या हाती एक ताटली भजी पाठवली. स्वतः काही गेले नाही.

घरी आल्यावर यतीनला सांगितलं. तो म्हणाला, "अगं मग घेऊन यायचं ना तिला! विचारायचं काय त्यात?" म्हणजे नवऱ्याचं नावही पुढे करता येईना. मी म्हटलं, खोली आवरते आणि बोलावते. पहिल्या रविवारी पाऊस होता. दुसऱ्या रविवारी उर्वीची परीक्षा. तिसऱ्या रविवारी मी खोलीत गेले, दोन खुर्च्या बाहेर काढल्या आणि पाठ भरून आली म्हणून परत फिरले. पाठबीठ काही नव्हतं. सासूबाई आल्या की पहिल्या दिवशी पोरीला आडनाव विचारणार, मग काय काय होणार, ते सगळं डोळ्यांसमोर यायचं. मीच तोंडभर बोलणारी, आणि त्या एका गोष्टीचं मला भय. सांगायला लाज वाटते, पण होतं.

मध्ये दोनदा तिला मेसेज केला, "कशी आहेस?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "मस्त, ताई." मला तेवढं उत्तर पुरलं.

मेच्या शेवटी, इथला हिवाळा सुरू होताना, एका सकाळी अंगणातल्या गाडीच्या काचेवर बर्फाचा थर आला होता. यतीन तो खरवडत होता, मी खिडकीतून बघत होते, आणि एकदम माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ऑफिसला कळवलं आणि खोलीत घुसले. तंबू गराजमध्ये, खुर्च्या अंगणात, गाद्या देऊन टाकल्या. पलंग लावला, चादर घातली, हीटर चालू करून बघितला. सगळ्याला मिळून अडीच तास लागले. अडीच तास! एवढ्यासाठी मी सात आठवडे काढले होते.

फोन केला, तर बंद. दुपारी बनिपला गेले. झाडाखाली कुणी नव्हतं. गवतावर तंबूएवढा पिवळा चौकोन होता. मग यादीतली बाकीची जवळची पार्कंही दोन शनिवार पालथी घातली. यतीन गाडी चालवत होता.

जुलैत भारतातून फोन आला. नंबर अनोळखी.

"जयभीम ताई. मी पद्मा, भावनाची आई. अकोल्याहून."

मी खुर्चीत बसले. "भावना कुठे आहे?"

"इथंच आहे ना, घरी. तुमाले सांगून नाही आली का? अशी कशी पोरगी!" मग त्या घाईघाईने बोलू लागल्या, आभार मानायला फोन केला ना, म्हणून. "तीन महिने पोटच्या पोरीवानी घरात ठेवलं तुम्ही तिले. ती तिकडं गेली तवापासून मले झोप नव्हती. ताईच्या घरी खोली भेटली म्हणाली, तवा झोपली मी. तुमचे उपकार कसे फेडावं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांना वाटलं, लाइन खराब आहे.

"हॅलो? ताई? एक इचारू का? शिक्षण सोडून काहून आली, सांगत नाही ती. खोकला घेऊन आली, अजून जात नाही. तुमच्याकडे काही बोलली होती का? तिकडं काही तरास होता का तिले?"

आता सांगायचं होतं. पद्माताई, तुमची मुलगी माझ्या घरी एक दिवसही राहिली नाही. मी तिला घरात घेतलं नाही. भावनाने आईला झोप लागावी म्हणून एक खोली रचली होती. ती मी मोडायची, की त्या खोलीचे आभार गपचूप खिशात घालायचे? दोन्ही पापच. मी म्हटलं, "पद्माताई, चूक माझी आहे. मी..."

"आई, दे इकडे फोन." मागून आवाज आला. खोकला आला. मग भावना फोनवर आली.

"ताई, कशा आहात?"

"भावना, मी सांगते त्यांना. खरं सांगते. आणि खोली रिकामी केलीय गं मी, सासूबाई उर्वीच्या खोलीत झोपतात. तू परत ये. सेमिस्टर लांबवता येतं, मी चौकशी करते, मी तिकीट..."

"हो, जेवले ना ताई," ती मोठ्याने म्हणाली. आई शेजारीच उभी असणार. "आता बरी आहे. तुमच्या आमटीची फार आठवण येते. आईला सांगत असते मी, ताई रात्री ताट वाढून ठेवायच्या."

माझ्या आमटीचा एक घोट त्या मुलीने कधी घेतलेला नाही. मी रडायला लागले. तिला ऐकू गेलं असणार, कारण तिने घाईघाईने विषय बदलला.

"उर्वीला सांगा आठवण काढली म्हणून. काकांना पण." मग तिचा आवाज खाली आला. "आणि ताई, माझी खोली रिकामी ठेवू नका. या सेमिस्टरलाही खूप मुलं आलीत. कुणाला तरी द्या."

मी हो म्हटलं.