परतीचा रकाना

“भागोजी, अहो, समुद्रावर एक शीड दिसत नाही, आणि तुमच्या वहीत पाचही मचवे परत आलेत?”

मी कमळला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तिचे दात येत होते, सकाळपासून किरकिर चालली होती, म्हणून तिला घेऊन बंदरावर आले होते. तिथल्या जकातनाक्याच्या खिडकीतून पाहावं तो भरदुपारचं पाणी नुसतं चकाकत होतं. आणि वहीत, मीच गिरवायला दिलेल्या वळणात, पाच ओळी. डाव्या रकान्यात हॅज गॉन. उजव्या रकान्यात हॅज रिटर्न्ड.

भागोजींनी चष्मा कपाळावर सारला. “येतीलच की सांजच्याला. रोज येतात.”

“म्हणून सकाळीच लिहून टाकायचं?”

भागोजी नाक्यावरचे जुने शिपाई. दहा वर्षांपूर्वी कारकुनाची बदली झाल्यापासून मचव्यांची वहीही तेच ठेवत. एकतीस सालच्या पावसाळ्यात अलिबागेला नवा साहेब आला. त्याला मराठी वाचता येईना, म्हणून वह्या इंग्रजीत ठेवायचा हुकूम निघाला. आमचे हे शाळेचे हेडमास्तर, पण त्यांच्यापुढे पाटी घेऊन बसायची भागोजींना लाज वाटली. मी पुण्याला दोन वर्षं कॉलेजात गेलेली, म्हणून ते आमच्या मागल्या ओटीवर येऊन बसू लागले. हॅज गॉन म्हणजे गेलाय आणि अजून तिकडेच आहे. हॅज रिटर्न्ड म्हणजे आलाय आणि आत्ता इथं आहे, असं मी समजावलं.

“म्हंजे पाय वाळूला लागला,” ते म्हणाले होते. ते त्यांना पक्कं कळलं होतं. म्हणूनच मला राग आला.

“साहेबानं असं दुपारी येऊन पाहिलं तर? पेन्शनीला चार महिने राहिलेत तुमच्या.”

“मास्तरीणबाय, दर्यावरच्या माणसाला आमी गेला म्हनत न्हाय. घरात बायका पन बोलत न्हायत. आन मी रोज सकाळी बसून पाच-पाच जनांना गेला लिवायचं? आन वही तशीच उघडी टाकायची?” ते टाकाचं टोक पुसत राहिले. “म्हनून लागलीच परत आनतो.”

“हे बरोबर नाही, भागोजी. खोटं आहे.”

त्यांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, “तुमी शिकल्याल्या. तुमी सांगता तसं करीन.”

आणि त्यांनी केलं. त्यानंतर दोन-तीनदा मी जाता-येता पाहिलं. उजवा रकाना संध्याकाळपर्यंत कोरा. मला आपलं बरं वाटलं.

भाद्रपदात हे बुधाजी तांडेलाच्या मचव्यातून मुंबईला गेले, शाळेची पुस्तकं आणायला. पहाटे जाऊन संध्याकाळच्या भरतीला परत. पण दुपारी तीनला वारा फिरला. माडांच्या झावळ्या उलट्या झाल्या, अंगणातलं धुणं चिखलात पडलं, ते मी उचललंसुद्धा नाही. चारला किहीमकडचे दोन मचवे कसेबसे आत शिरले. बुधाजीचा त्यात नव्हता. मी चार वेळा दारात गेले, चार वेळा आत आले. मग कमळला पदरात गुंडाळून सरळ नाक्यावर.

“दिसला का?”

“न्हाय अजून.”

वही उघडीच होती. बुधाजी, हॅज गॉन. पुढे कोरं. त्या कोऱ्या जागेकडे मला बघवेना.

“लिहा,” मी म्हणाले.

भागोजींनी वर पाहिलं. “सायबाचा सांगावा आलाय. आज-उद्या कवाबी येल म्हनून.”

“मग द्या इकडे टाक, मी लिहिते.”

“नको, बाय. अक्षर माजं न्हाय ह्ये सायेब वळखंल.” त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि एकेक अक्षर काढत लिहिलं. ओल्या शाईवर चिमूटभर वाळू टाकली. मी त्या वाळूकडे पाहत असताना कमळनं टेबलाच्या खालच्या फळीवरची जुनी वही ओढली. ती पडून उघडली. मराठीतली, सात वर्षांपूर्वीची. पान आपसूक उघडलं, नेहमी तिथंच उघडत असावं. ‘रावजी भागोजी, होडी एक, गेला.’ अक्षर भागोजींचं. पुढचा रकाना कोरा, आणि बोट फिरून फिरून कागद तिथं पातळ झालेला.

मी ती मिटली नाही. त्यांनीही वही उचलून घेतली नाही.

दिवेलागणीला बुधाजीचा मचवा आला. शीड फाटलेलं, पुस्तकांची पेटी भिजलेली, हे उलट्यांनी पांढरेफटक. लोक त्यांना धरून घरी घेऊन गेले. मी मात्र मागे वळून नाक्यात गेले. जुनी वही आता टेबलावर होती.

“भागोजी, इथंही लिहू का? मी लिहिते.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “हे सकाळीच लिवायचं असतं, बाय. माझ्याच्यानं त्या दिशी ऱ्हायलं.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कमळला घेऊन नाक्यापाशी गेले. मचवे सुटत होते. भागोजी वही उघडून बसले होते, टाक हातात, डावा रकाना भरलेला. मला पाहून थांबले.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि अलिबागेच्या रस्त्यावर साहेबाचा टांगा दिसतो का, ते बघत उभी राहिले. मागे टाकाची करकर पुन्हा सुरू झाली.