बाभळीची रुंदी

इंद्रभानजींनी चष्म्याचे उजवे भिंग काढले आणि ते मेणाने डबा-कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवले. हा साधा कॅमेरा सहा फुटांच्या आतले नीट टिपत नसे. वाचायचे भिंग पुढे आले की हातभर अंतरावरचेही उमटे. मग दोरा लावून त्यांनी अंतर मोजले. अंगणातल्या फळीवर सागाची वीतभर मोटार होती, पुढे वळणावर बैलगाडी, मध्ये बाभळीचे झाड. सारे फुटाला अर्धा इंच या प्रमाणात.

"डोये काढून डब्याले देल्ले," ओसरीवरून त्यांच्या पत्नी सोजरबाई म्हणाल्या. "आता चहात मुंगी पडली तं थेही मीच सांगू?"

ते हसले नाहीत. आठ दिवस वाकून कोरकाम केल्याने पाठ धरली होती.

गेल्या पंधरवड्यात इंझोरीच्या वाटेवर त्यांच्या मुलाच्या, रामधनच्या, प्रवासी सर्व्हिस मोटारीने जगदेवच्या बैलगाडीला धडक दिली. जगदेवचा पाय मोडला. बाभळीआड गाडी दिसलीच नाही, असे रामधनचे म्हणणे. सोमवारी चौकशी होती. दोष ठरला तर परवाना जाणार, आणि मोटार हाकण्यावाचून त्याला दुसरे काही येत नव्हते. तीस वर्षे रस्ते-बांधकामावर ओव्हरसियरी केलेल्या बापाने ठरवले, साहेबांना तोंडी सांगण्यापेक्षा चित्र दाखवावे.

कॅमेरा त्यांनी चालकाच्या नजरेच्या रेषेत ठेवला. डावा डोळा मोतीबिंदूने गेलेला, उजव्याचे भिंग कॅमेऱ्यावर. फळीवर त्यांना नुसते हिरवे-तपकिरी डाग दिसत होते. मोजमापावर विसंबून त्यांनी खटका दाबला.

शनिवारी वाशीमहून छायाचित्र धुऊन आले. भिंग चौकटीत परत बसवून इंद्रभानजी ते बराच वेळ पाहत राहिले. रामधन उंबऱ्यावर येऊन टेकला.

"दिसते का गाडी?"

"दिसते."

"किती?"

"चाक दिसते. जू दिसते. बैलाचं शिंगही."

रामधनने हात पुढे केला नाही. पायाच्या अंगठ्याने तो जमीन उकरत राहिला.

"मी मांगच्या शिटवरल्या लोकाईसंग बोलून राह्यलो होतो," तो म्हणाला. "पुढं पाह्यलंच नाही."

इंद्रभानजींनी चष्मा उतरवून डोळे चोळले.

"बाबा, अजून दोन दिवस हायेत. बाभूळ जराशी रुंद करा न. साह्यब थोडाच झाड मोजाले जाते तिथं?"

"केली होती."

"काय?"

"जाग्यावर मोजली तवा नऊ फूट भरली. फळीवर मी तेराची बसवली." त्यांनी श्वास घेतला. "तरी दिसते."

ओसरीवर सोजरबाईंच्या सुपाचा आवाज थांबला. इंद्रभानजींनी छायाचित्र मुलापुढे धरले. त्याने ते घेतले आणि तोंड उजेडाकडे करून, पहिल्यांदाच नीट पाहू लागला.