शेपटीखालची घडी

हॉटेलातून चाळीस टेबलक्लॉथ परत आले, तेव्हा सूनबाई लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती.  घेऊन आलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. त्या मागे सरकण्यातच सगळं आलं. थोड्या वेळाने हॉटेलच्या व्यवस्थापकीणबाईंचा फोन आला. कपडे पांढरेशुभ्र आहेत, कडक आहेत, तक्रारीला जागा नाही, असं सगळं गोड बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की जेवायला बसलेल्या पाहुण्यांना टेबलावरून काहीतरी वास येतो. कसला, ते सांगताना त्या जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "ओल्या मोज्यात मासळी गुंडाळून ठेवावी, तसा."

सूनबाईला विचारायची गरजच नव्हती. तो वास तिच्या पायाशी आडवा पडून घोरत होता.

बोचक्या हा सासऱ्यांचा बारा वर्षांचा पग कुत्रा. चपटं नाक, बाहेर आलेले डोळे, आणि तोंडावर वळ्यांवर वळ्या. देवाने त्याला घडवताना कातडं जरा सढळ हाताने घेतलं आणि उरलेलं कापायचं विसरला, असं दिसायचं. लाँड्रीत धुवायला आलेलं बोचकं दिसतंय अगदी, असं सासूबाई त्याला पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. सासूबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. त्यानंतरच हा कुत्रा नासायला लागला. तोंडाला शिळ्या पाण्याचा वास, कानांना नासक्या दुधाचा, पंजांना आंबलेल्या पावाचा. मागच्या बाजूचं सांगण्याजोगं नव्हतं. तो जिन्यावरून ढुंगण घासत उतरायचा आणि प्रत्येक पायरीवर आपली हजेरी लावून यायचा. त्याला मांडीवर घेतलं की साडेतीन तास हातांचा वास जात नसे. सूनबाईने एकदा घड्याळ लावून बघितलं होतं.

खाली लाँड्री, वर घर. दोन्हींच्या मधे एक जिना आणि एक कुत्रा. त्या रात्रीच्या जेवणातच नवऱ्याने निकाल देऊन टाकला: येत्या रविवारी बोचक्याला मामांच्या शेतावर पाठवायचं. मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ, त्यांच्याकडे उघडी जागा भरपूर.  सासरे, म्हणजे तात्या, पोळपाटासारखा चेहरा करून जेवले, उठले, हात धुतले. सकाळी सूनबाई त्यांच्या खोलीत गेली तर पलंगावर बॅग उघडी पडलेली, आणि तात्या आपले सदरे एकावर एक रचत होते. मामाकडे दोघांना जागा होईल का तेवढं विचारून घे, एवढंच त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, म्हणून तर तिच्या काळजात चर्र झालं.

तात्या गेले तर घरात काय उरणार होतं? ती लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी उशीची खोळ धड घडी करता येत नव्हती. तात्यांनी तिला आठ वर्षं शेजारी उभं करून शिकवलं. कधी ओरडले नाहीत. चुकलं की नुसते "हं" म्हणायचे, आणि ती परत उलगडायची. आईबाप लहानपणीच गेलेल्या मुलीला त्या "हं"ची किंमत माहीत असते. म्हणजे रविवारपर्यंत काहीही करून या कुत्र्याचा वास घालवायचा, की संपलं. हातात तीन दिवस होते.

आता लाँड्रीतल्या माणसाला वास म्हटलं की एकच उपाय सुचतो: भिजव, साबण लाव, खळबळून काढ, वरून सुगंध मार. तिने बोचक्याला गुरुवारी आंघोळ घातली. शुक्रवारी दोनदा घातली. शेवटच्या पाण्यात कपड्यांना घालतात ते सुवासिक औषध टाकलं. तोंडाच्या वळ्यांत पावडर भरली, आणि वळ्या मुळातच ओल्या असल्यामुळे पावडरीची कणीक मळली गेली. ती बोटाने काढायला गेली तर बोटाला करडं, चिकट, तारा सुटणारं काहीतरी लागलं. तिने बोट नळाखाली धरलं, आणि ते आपलं नव्हेच असं समजून दुसरीकडे बघत राहिली. शुक्रवारी संध्याकाळी नवरा दारातून आत आला आणि तिथेच थबकला. फुलांच्या दुकानात उंदीर मरून पडलाय, असं म्हणाला.

शनिवारी दुपारी ती थकून बसली आणि चष्मा पुसायला लागली. चष्म्यासाठी तिच्याकडे फ्लॅनेलचा एक मऊ तुकडा होता. सासूबाई गेल्यावर त्यांच्या कपाटातून घेतलेला, कडा दुमडून शिवलेला, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला. पाच महिने ती त्यानेच चष्मा पुसत होती. कधीमधी कपाची कड, आणि एकदा पाहुण्यांच्या बाळाचं तोंडसुद्धा. तो फारच विरला होता म्हणून दुसरा काढायला ती सासूबाईंच्या कपाटातल्या खणापाशी गेली. खण पूर्ण ओढला. आत अशाच तुकड्यांचे तीन गठ्ठे होते, आणि प्रत्येकाला गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावतात तसली चिठ्ठी टाचलेली. अक्षर सासूबाईंचं. पहिल्यावर होतं: "तोंड. ओल्याने पुसून कोरड्याने टिपणे." दुसऱ्यावर: "कान. फार आत नको." तिसरा गठ्ठा सुटलेला होता, त्यातला वरचा तुकडा पाच महिन्यांपूर्वी कोणीतरी काढून नेलेला. त्याच्या चिठ्ठीवर होतं: "शेपटीखालची घडी. रोज. कोरडी झालीच पाहिजे."

सूनबाईने हातातल्या तुकड्याकडे बघितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ तो परत डोळ्यांवर चढवायची तिला हिंमत झाली नाही.

पण डोकं चालू झालं होतं. दमट चादर घडी करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी कुबट मारते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि तिने काय केलं होतं? एक जिवंत, घड्याघड्यांचं जनावर रोज भिजवून तसंच घडीवर ठेवून दिलं होतं. वास तिनेच आणखी पोसला होता.

तिने बोचक्याला मोरीत नेलं. शेपटीची जिलबीसारखी गुंडाळी एका हाताने धरली, उचलली, आणि खाली पाहिलं. तिथे कातडीचा एक खिसा होता. आठ वर्षं त्याच्यासोबत राहून तिला तो माहीत नव्हता. आत तपकिरी, ओलसर, पाच महिन्यांचं काहीतरी साचलं होतं, आणि हवा लागताच ते जणू श्वास सोडून मोकळं झालं. तिने फ्लॅनेलचा ओला तुकडा आत घातला, एकदाच फिरवला आणि बाहेर काढला. पुढचं तिला नीट आठवत नाही. ती भांडी घासायच्या जागेवर वाकली होती, आणि दुपारचं जेवण वर येत होतं. काय झालं बघायला नवरा आला, मोरीच्या दारापर्यंत पोचला, तसाच वळला आणि जिन्याच्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला. बोचक्या मात्र समाधानाने घोरत होता.

आवाज ऐकून तात्या आले.  सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तिने तो तुकडा चिमटीत धरून त्यांच्यासमोर केला. तात्यांनी वाकून, डोळे मिटून, सावकाश हुंगलं.

"कसला वास?" ते म्हणाले. "मला तर काहीच येत नाही."

जिन्यावर नवऱ्याने डोकं वर केलं.  तात्यांनी डोळे उघडून तुकड्याचा रंग बघितला, सुनेचं तोंड बघितलं, मुलाचं बघितलं. पुन्हा एकदा हुंगलं, या वेळी अगदी नाकाला टेकवून. सूनबाईने मान फिरवली. मग तात्यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

"तीन-चार वर्षं झाली," ते हळूच म्हणाले, "एकाही कपड्याला वास आला नाही. मला वाटलं, हात बसला आपला."

तिने त्यांना चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी त्या वाचल्या, सुनेचा चष्मा मागून घेतला आणि परत वाचल्या. हे ती केव्हा करायची, असं त्यांनी विचारलं. तुम्ही बॉयलर पेटवायला खाली उतरलात की, असणार, सूनबाई म्हणाली. त्या वेळी मोरीचं दार बंद असायचं, आम्हाला वाटायचं आंघोळ चाललीय.

"तिचं नाक शाबूत होतं ना?"

"चांगलं तिखट होतं, तात्या."

 तिखट नाकाची बाई, बारा वर्षं, रोज सकाळी, आणि तोंडातून एक शब्द नाही. तात्यांच्या मनात काय चाललं होतं ते कोणाला कळणार? त्यांनी बाह्या वर सारल्या, गठ्ठ्यातला नवा तुकडा ओला करून पिळला आणि हात पुढे केला. "आण त्याला. या कामाला माझ्यासारखा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही."

आणि खरंच सापडला नसता. सूनबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून सूचना देत होती, नवरा जिन्यावरूनच "झालं का" विचारत होता, आणि तात्या पुरणाचं पातेलं पुसावं तितक्या शांतपणे त्या खिशातून एकेक तुकडा काढून बादलीत टाकत होते. पुसलं, टिपलं, परत टिपलं. नंतर तोंडाच्या वळ्या, नंतर कान. आतलं कातडं लालभडक झालं होतं म्हणून त्याला तसंच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लावायला मलम दिलं, ढुंगण घासण्याचं कारण असलेल्या ग्रंथी स्वतः दाबून रिकाम्या केल्या (सूनबाई तेव्हा रस्त्यावर उभी होती), आणि आंघोळ महिन्यातून एकदाच, असं बजावलं. वास एका दिवसात जाणार नव्हता. पण जाणार होता.

रविवारी सकाळी मामा ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन हजर झाले. त्यांना कळवायचं सगळेच विसरले होते. न्यायचा कोण, माणूस की कुत्रा, असं त्यांनी दारातूनच विचारलं. कोणीच नाही, नवरा म्हणाला, आणि ओशाळून हसला. मग तात्या कुठे आहेत, म्हणत मामा आवाजाच्या दिशेने मोरीकडे गेले.

तात्यांनी मान वर केली नाही. "बस तू बाहेर, चहा घे. मला दहा मिनिटं उठता यायचं नाही, आत्ताच आत पोचलोय."

मामांनी दाराला हात टेकवून आत डोकावलं. त्यांच्या तोंडाचा रंग उतरला. ते अंगणात गेले, गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिले, आणि सूनबाईने नेऊन दिलेला चहा त्यांनी तिथेच, लांबून, हात पुढे करून घेतला.